तीस ठिपके

शारजात, रोल्याच्या मागच्या गल्लीत शाजीचं दुकान.
त्यानं काउंटरवर काळी मखमल अंथरली, विचारलं,
पक्षी? क्रिकेट? की चंद्र?
मी म्हटलं, माणूस.
किती लांब?
दोन मैल.
त्यानं मखमलीवरची नसलेली धूळ फुंकली.

फुजैराच्या किनाऱ्यावरून मोजावीत तेवढी जहाजं.
त्यातलं निळ्या धुराड्याचं, गंजलेलं, ते उमाकांतचं.
मालकाचा फोन बंद. पगार आठ महिने थकलेला.
उतरू देत नाहीत, कारण सगळे उतरले
तर जहाजाकडे बघणार कोण?
मी इथे क्रशरवर, वजनकाट्याला.
ट्रक भरलेला येतो, आकडा लिहितो,
रिकामा येतो, आकडा लिहितो,
आणि जेवणाच्या सुट्टीत बंधाऱ्यावर जाऊन
सख्खा भाऊ बघून येतो,
भातातल्या खड्याएवढा.

शाजीनं तीन लेन्स मांडल्या.

पहिली अडीचशेची. प्लॅस्टिकची, पिसासारखी,
हात थरथरला तर सांभाळून घेते.
साडेतीनशे दिरहम.

दुसरी तीनशेची. हिच्या काचेत कडेला
बुरशीचा एक धागा, फोटोत उतरत नाही,
शाजी मुलीची शपथ घेतो.
पण हात तुझा तू सांभाळायचा.
साडेचारशे.

तिसरी त्यानं नुसती बघायला दिली. सहाशेची.
दोन्ही हातांत घेतली आणि काट्यावरच्या सवयीनं
बोलून गेलो: दोन किलो.
उमाकांत जन्मला तेव्हा एवढाच भरला होता,
दवाखान्यात मला धरायला दिला होता,
अंगठ्याखाली मान नीट धर म्हणत.
बत्तीसशे.
माझा पगार अठ्ठावीसशे.

शाजीनं कॅल्क्युलेटर ओढला.
तीनशेवर तुझा माणूस उंचीला तीस ठिपके, फार तर पस्तीस.
आणि चेहरा?
चेहरा चार.
सहाशेवर?
आठ. पण हवा थरथरते ना भाई,
आठाचे पुन्हा चार करते.
हे त्यानं सांगायला नको होतं. तोफ विकली असती.

चार ठिपक्यांत आमची आई उंबऱ्यावर फूल काढते.
मी म्हटलं, दुसरी बांध.
घासाघीस करून चारशे वीस,
वर मागचं झाकण फुकट.

सकाळी जमत नाही, हे दोन दिवस वाया घालवून कळलं.
सूर्य जहाजांच्या पाठीमागून येतो, सगळी काळी होतात.
मग चारचा सुमार ठरला,
ऊन डोंगराकडून समुद्रावर पडतं तेव्हा.
स्टँड नव्हता. बंधाऱ्याच्या दगडावर
पाच किलो तांदळाची पिशवी ठेवली,
तिच्या पोटात लेन्स रुतवली,
श्वास धरला.
जनरेटर दिवसाला दोनच तास चालतो त्यांचा,
म्हणून फोन छोटाच केला होता:
केशरी कपडे सगळ्यांचेच असतात रे,
तू काहीतरी हलव.

एकशे अठरा फोटो.
एकशे सतरात काहीतरी हललं.
एकात कठड्याशी तीन केशरी रेघा,
एकीच्या टोकाला पांढरं. चादर असेल, बनियन असेल.
मोठं करत गेलो तसा तो
चौकोन चौकोन होऊन विखुरला.
परत लहान केला. परत उभा राहिला.

आईला पाठवला, काही न लिहिता.
तिचा आवाज आला: पांढरं कुणीही हलवील.
तो डावीकडचा आपला.
एका पायावर भार देऊन उभं राहायची
सवय गेलीच नाही मेल्याची.

रात्री साडेआठला त्यांचा जनरेटर लागला.
दिसलो?
दिसलास.
नीट?
मी लेन्सचं झाकण लावलं, काढलं, लावलं.
नीट. दाढी कर जरा, म्हटलं, जंगल झालंय.
पलीकडे थोडा वेळ नुसतं पाणी वाजलं.
मग तो हसला.
दादा, परवाच केलीय.