एक जास्तीचा एच

कोर्टासमोरच्या नोटरीने विचारलं,
‘नेमकं काय सिद्ध करायचंय?’
मी म्हटलं, एक अक्षर.

दहावीच्या मार्क्स कार्डावर माझ्या ‘त’ला एच आहे,
पासपोर्टवर नाही.
कुणा क्लार्कने तिकडच्या सवयीने
माझ्या नावात एक श्वास जास्त टाकला
आणि मी तो पाच वर्षं विनातक्रार घेत राहिले.
आता ग्दान्स्कच्या विद्यापीठाला कळवायचंय
की तो श्वास घेणारी आणि न घेणारी
रेवती परशराम हलगेकर, राहणार वडगाव,
एकच बाई आहे.
दोनशे रुपये. शिक्का. पुढचा.

(पप्पांच्या नावात आधार कार्डाने घुसवलेला उकार
त्याने पाहिलाच नाही.
मीही दाखवला नाही.)

फॉर्ममधल्या गावांच्या यादीत बेळगावी नव्हतं.
बेळगाव तर नव्हतंच.
होतं बेलगॉम, साहेबाच्या तोंडचं,
कॅम्पातल्या एखाद्या बेकरीच्या पाटीवर उरलंय तेवढंच.
ज्या नावांसाठी इथं बसच्या पाट्यांना काळं फासतात
त्यांतलं एकही तिथवर पोचलं नाही.
मी बेलगॉमवर टिचकी मारली.
कुणाला सांगू नका.

‘परक्या भाषेत तुम्ही कसं जुळवून घ्याल?’
पाचशे शब्द.
वीजबिल मी कन्नडात वाचते,
आईशी मराठीत भांडते,
मशीन डिझाइनचा पेपर इंग्रजीत सोडवते,
आणि समोरच्या सावक्काशी गेटवर तासभर बोलून आल्यावर
कुठल्या भाषेत बोललो ते आठवत नाही.
हे सगळं लिहिलं. खोडलं.
शेवटी लिहिलं की माझी जुळवून घेण्याची क्षमता उत्तम आहे,
आणि चारशे नव्वद शब्द
तसंच काहीबाही.

खात्यात चार लाख दिसायला हवे होते.
दिसायला. असायला नव्हे,
हे आईने लगेच ओळखलं.
युनिफॉर्म शिवणाऱ्या नऊ जणींची भिशी,
मामाच्या ट्रॅक्टरचा हप्ता,
सावक्काने गाय विकून ठेवलेले,
सगळे मंगळवारी आले, शुक्रवारी गेले.
मधल्या बुधवारी मॅनेजरने सही केली.
तीन दिवस आम्ही श्रीमंत होतो
आणि साधा पावशेर कुंदाही आणला नाही.
आई मात्र पासबुक उशाखाली घेऊन झोपली.

गावाचं नाव तिला जमत नाही.
ग आणि द यांच्यामध्ये पाय ठेवायला जागाच नाही, म्हणते.
गदान. गदानस.
भिशीच्या बायकांना सांगते,
‘गडहिंग्लजच्या पलीकडं, लई पलीकडं.’

रात्री पावणेदोनला फॉर्म गेला.
चाक फिरलं, थांबलं, हिरवी खूण आली,
ती मी बराच वेळ बंद केली नाही.
पप्पा उद्यमबागेतून सेकंड शिफ्ट करून आले,
कानाच्या पाळीत फाउंड्रीची काळी वाळू.
मी मोबाइलवर नकाशा दाखवला.
त्यांनी बोटाने मोठा केला,
एवढा की गाव बाहेर गेलं
आणि नुसता किनारा राहिला.
‘वाळू कसली असतीया तिकडं?’
माहीत नाही म्हटलं.
‘बारीक असली तर मूठभर आण.
साचा धरतीया काय बघू.’
अजून निवड कुठं झालीय, पप्पा.
‘ते हाय,’ म्हणाले,
आणि न्हाणीत जाऊन
किती तरी वेळ हात धूत राहिले.