सपाट पाणी

गिर्याच्या खाडीत, जिथं जुन्या गोदीचा कातळ
भरतीला गुडघाभर बुडतो,
तिथं झापांच्या मांगरात आमचं विमान असतं.
गावात तिला बगळी म्हणतात.
पोट होडीचं, लाकडी. पंख पत्र्याचे.
कागदावर वय चौऱ्याऐंशी.

हसन सोलकर तिचं इंजिन उघडतो तेव्हा
आधी चष्मा पुसतो, मग विडी कानावर ठेवतो.
नऊ सिलिंडर. सातवं खोकतं.
सुटे भाग आता कुठंच मिळत नाहीत,
राजापुरात लेथवर एक पोरगा कातून देतो
आणि बिलावर लिहितो : पंपाचं सामान.

मेस्तांनी तळाची फळी बदलली, फणसाची घातली.
सांध्यांत कापूस, वर राळ,
मग उंडीचं तेल, हातानं, तीन दिवस.
पुस्तकात वेगळंच काही लिहिलं होतं.
मेस्तांनी पुस्तक पालथं ठेवलं.
"व्हडी ती व्हडीच."

माझं काम मीठ.
उडून आली की विहिरीच्या पाण्यानं धुवायची,
पंखांखाली, रिव्हेटांच्या डोक्यांभोवती, चाळीस कळश्या.
मीठ दिसत नाही. दिसते ती मागाहून येणारी पांढरी बुरशी,
बोटानं दाबली की धातूचं पीठ पडतं.
ते मी एका बरणीत ठेवते.
सहा वर्षांत अर्धी भरली.
म्हणजे एवढी बगळी आता उडत नाही.

पुण्याहून एक गृहस्थ आले. चांगले होते.
म्हणाले, काचेच्या दालनात ठेवू,
हवा कोरडी, उजेड बेताचा, पाटीवर तुमची सगळ्यांची नावं.
लुर्दीननं त्यांना उकडलेली कणंगं दिली.
ही लुर्दीन डिसोजा, आमची पायलट,
उमेदीत गुजरातेत कापसावर औषध फवारायची.
"तिथं किती वर्षं टिकेल?"
"शंभर."
"आणि इथं?"
कुणी बोललं नाही. बरणी फळीवर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाराच नव्हता.
वाघोटनचं पाणी तेल ओतल्यासारखं,
पलीकडचा डोंगर त्यात उलटा, पानही न हलता.
गृहस्थ फोटो काढून खूश.
लुर्दीन नाही.
सपाट पाणी होडीचं पोट सोडत नाही.
तिनं धाव घेतली पार खाडीच्या तोंडापर्यंत,
परत फिरून पुन्हा एकदा.
इंजिन किंचाळलं. पाणी चिकटलेलंच.

भागोजी खवळे धक्क्यावर जाळं सांधत होते.
ह्या सगळ्या उपद्व्यापाला त्यांचा पहिल्यापासून विरोध,
बांगडे पळतात म्हणून.
बराच वेळ बघत राहिले. मग उठले.
"पाणी धरून ठेवता तिका. थांबा वायच."
पातीचं मशीन सुरू केलं
आणि खाडीवर चाराचा आकडा काढला,
मराठी चार,
मग त्यावर आणखी एक, घाईघाईत गिरवल्यासारखा.

डोंगर मोडला.
त्या चुरगळलेल्या पाण्यावर
बगळीनं पोट उचललं. दोन धारा,
एक धार,
थेंब.
मग खाली नुसती सावली,
ती भागोजींच्या पातीवरून गेली
आणि त्यांनी मान खाली घातली,
ठेंगण्या दारातून जाताना घालतो तशी.

वीस मिनिटं.
हसन सातव्याचा आवाज ऐकत उभा,
विडी अजून कानावर.
गृहस्थांनी कॅमेरा कधी खाली केला, कळलं नाही.

मी कळश्या भरायला घेतल्या.