सात वाजताची फट

दोसिंदाच्या काळजात कार्बनची झडप आहे,
नऊ वर्षांपासून टिकटिकणारी.
आमारो म्हणतो, बोटीवर असलो की
मला झोप लागत नाही, तिचा आवाज नसतो.

यंदा झडपेच्या काठाचे टाके सुटले.
झडप शाबूत, मांस थकलं.
मधे एक फट, नखाच्या कोरेएवढी,
तिच्यातून रक्त उलटं धावतं
इतक्या जोराने की तांबड्या पेशी फुटतात.
लघवी काळ्या चहासारखी.
जिना चढताना ती दर चौथ्या पायरीवर थांबते
आणि खिडकीतून बंदर बघत असल्याचं सोंग करते.

माल्पिकाच्या धक्क्यावर चाळीस वर्षं
तिने फाटकी जाळी सांधली.
"कुणी शिवलं होतं हे?" तिने विचारलं.
सर्जन निवृत्त झाले, मी म्हटलं.
"टाका सुटला तर आमची बाई कामावरून जाते.
तुमचा माणूस पेन्शनवर."

पुन्हा छाती उघडणं तिला झेपणार नव्हतं.
मी डबीतला नमुना दाखवला:
तारेचं विणलेलं बूच, करंगळीच्या पेराएवढं,
दाबलं की नळीत मावतं, सोडलं की फुलतं.
तिने चष्मा कपाळावर सारला,
नखाने आस मोजले.
"इतक्या बारीक आसाचं जाळं?
आमच्याकडे यावर दंड होतो."

बुधवारी, आ कोरुन्यात.
तिच्या अन्ननलिकेत माझा प्रोब,
मांडीच्या शिरेतून वर ब्राइसची तार,
मधला पडदा सुईने टोचून
उजवीकडून डावीकडे.
झडपेला आम्ही घड्याळाची तबकडी मानतो.
सात वाजता, मी म्हणते.
तो सहावर जातो.
सात.
तो आठवर.
सुई ओवताना दोरा स्थिर धरता येतो,
इथे नाकंच उड्या मारतं.
पन्नास मिनिटं. ब्राइसच्या टोपीखालून
घाम भुवईत उतरतो, नर्स तो टिपते,
कुणी काही बोलत नाही.

मग तार पलीकडे गेली.
बूच फुललं. पडद्यावरचा निळा-पिवळा झोत
विझला.
मागून कुणीतरी "बरं" म्हणालं,
आणि झडपेचं एक पान अडकलं.

यंत्रांच्या आवाजात ऐकू काही आलं नाही.
मी पाहिलं: दोन पानांतलं एक
उघडायचं राहिलं. एक ठोका. दोन. तीन.
काढ.
ब्राइसने का विचारलं नाही.
बूच अजून केबलवर होतं, म्हणून निभावलं.
पान हललं. झोत पुन्हा पेटला,
आणि तो पाहून मला आनंद झाला,
हे मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही.

दुसरं बूच लहान घेतलं.
बसलं, पण एका कडेने
सुताएवढा झोत उरला.
"अजून एक सोडू?"
मी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.
नको, म्हटलं.
ते शहाणपण होतं की मी फक्त दमले होते,
अजून ठरलेलं नाही.

शुद्धीवर येताच तिने घशातल्या घशात विचारलं,
"बुजलं?"
थोडं राहिलंय.
"कुठे?"
सातच्या खाली.
"शेवटची गाठ," ती म्हणाली,
"नेहमी तिथेच घाई होते,"
आणि कुशीवर वळू पाहिलं. वळायला बंदी होती.

तीन आठवड्यांनी फोन. बाहेर बाकांवर गर्दी,
हातात दुसऱ्याच कुणाचा एको,
तिकडून वारा, कुरवांचा कालवा, आमारोचा खोकला.
"डॉक्टर, आज पिवळी."
फोन ठेवला तिने.
मी केसपेपर मागवला आणि तसंच लिहिलं:
आज पिवळी.