पहिलं पान

धारूरात, खताच्या दुकानामागच्या खोलीत,
सतरंजीवर त्यांनी महजर उलगडला.
नऊ हात लांब. एका टोकावर अडकित्ता ठेवला,
दुसऱ्यावर माझ्या चष्म्याचं घर.
कागद कागजीपुऱ्याचा, शंखाने घोटलेला,
हाताला अजून गार लागतो.
उलगडताना बारीक वाळू सांडली,
शाई टिपायला कारकुनाने भुरभुरलेली.
इतकी वर्षं घड्यांत बसून होती.

थोरल्या पातीचे हैबतराव खुर्चीवर,
धाकट्या पातीचे मानाजीराव दाराशी बाकावर.
मधे मी, मोडी वाचणारी.
हाताला दीडशे रुपये, येण्याजाण्याचं भाडं वेगळं.
"आमच्या मूळपुरुषानं किल्ला राखला," हैबतराव म्हणाले,
"ते कुठं आलंय, तेवढं बघा."

बघते.

मोडीत आधी रेघ ओढतात,
या काठापासून त्या काठापर्यंत,
मग तिच्याखाली अक्षरं टांगतात.
बोरू उचलायचा नाही.
माणसं, गावं, शेतं, शपथा
सगळं एकमेकांच्या शेपटीला बांधलेलं,
कोण कुठे संपतो ते
वाचणाऱ्याने ठरवायचं.

किल्ला कुठेच नाही.
आहे तो विडा.
कसब्याच्या होळीत पहिली पोळी कोणाची,
पोळ्याला वेशीतून आधी कोणाचे बैल,
आणि सुभ्याचा माणूस आला म्हणजे
तबकातलं पहिलं पान
थोरल्याने उचलायचं का धाकट्याने.
त्यापायी दोन गावं जळाली.
"माणसे सात जाया जाली."
सातांना नावं नाहीत.
घोडी मेली, तिला आहे:
हिरणी, अबलख, किंमत होन चाळीस.

मग गोही.
देशपांड्यांची सही, वळणदार, शाई भरपूर.
पाटलाचा नांगर.
सुताराची पटाशी, चांभाराची आरी,
न्हाव्याचा आरसा, त्यात कोणीच नाही.
आणि पार तळाला, बोटाच्या पेराएवढी,
एक बांगडी.
नागाई कुंभारीण, मौजे सोनखडी.

तिने सांगितलं ते असं:
"पान आधी कोणी उचलिले हे आपणास ठावके नाही.
आपला दादला वेशीत पडिला तो पाहिला.
घरी आवा पेटला होता. तो तैसाच जळत राहिला."
खाली कारकुनाचा शेरा:
इची गोही कामाची नव्हे.

कामाची नव्हती, तर त्रिंबक विसाजी,
तुम्ही लिहिलीत कशाला?
दरबारी माणूस तुम्ही, कागद महाग,
बांगडीसुद्धा किती गोल काढली आहे.
का रेघ आधीच ओढून झाली होती
आणि मोकळी सोडवेना?

"बाई, थोरले का धाकटे?
तेवढं सांगा, बाकीचं राहू द्या."
"पुस्तक छापायचंय," मानाजीराव बाकावरून म्हणाले,
"आमचं बी."
मी भिंग निवाड्यावर नेलं.
"विडा प्रथम" इथवर स्वच्छ.
पुढे कसरीने खाल्लंय.
भोकातून सतरंजीचा लाल पट्टा दिसतो.
दोघेही वाकून
त्या लाल पट्ट्याकडे बघत राहिले,
जणू तिथेच काही लिहिलंय.

सुनेने तबक आणलं. पाच विडे.
दोन हात निघाले
आणि अर्ध्यावर थांबले.
पंख्याची करकर.
बाहेर कोणी युरियाचा भाव विचारत होतं,
त्याला कोणी उत्तर दिलं नाही.
मी पहिला उचलला.
लवंग जरा जास्तच होती.

निघताना पैशाच्या पावतीवर सही मागितली.
सवयीने आधी रेघच ओढली,
या काठापासून त्या काठापर्यंत,
आणि तिच्याखाली काय टांगायचं
ते क्षणभर सुचेना.