बारा नंबरचं ठाण

ओकालाला जानेवारीतही गवत हिरवं असतं.
ओकांच्या फांद्यांवरून करडं शेवाळ लोंबतं
न विंचरलेल्या आयाळीसारखं.
इथून चार तासांवर, समुद्राकाठच्या हॉटेलात
आज सरल्या वर्षाच्या घोड्यांचा निवाडा आहे.
झुंबरं, काळे कोट, टेबलाटेबलावर गुलाब,
आणि घोडा एकही नाही.

पागेत आम्ही दोघं.
नेमेसियो उलट्या बादलीवर,
मी गवताच्या पेंढीवर, बूट काढून
(आज अठरा घोडे फिरवले, टाचा बोलतायत).
मधे त्याचा फोन, तोबऱ्याला टेकवलेला.
काचेला तडा गेलाय,
तो बरोबर निवेदकाच्या गळ्यातून जातो.

मूर्ती कांस्याची. तिचं नाव ग्रहण.
मी म्हटलं, जिंकलेल्याला ग्रहण कसलं लावतात?
तो म्हणाला, जुन्या काळी विलायतेत
सूर्य झाकला त्या दिवशी एक शिंगरू जन्मलं,
ते पुढे कधी हरलंच नाही.
मग थोडं थांबून:
"आमच्या हुतियापात ग्रहण लागलं
की पोटुशी बाई पोटाला लाल फीत बांधते.
इथे लोक सूट घालतात."

कागदावर ती 'लेट फॉर सपर'.
पागेत नुसती गोर्डा, म्हणजे जाडी.
वाळलं गवत आधी पाण्यात बुचकळायची
आणि मगच खायची, म्हातारीनं चहात पाव बुडवावा तशी.
पुदिन्याच्या गोळीचा कागद चुरचुरला
की तीन ठाणं पलीकडून मान वळायची.
तिच्या पुढच्या डाव्या पायात रात्री ऊब भरायची.
ती ऊब यंत्राआधी नेमेसियोच्या तळव्याला कळायची.
चार वर्षं तो पहाटे चारला
आधी त्या पायाला भेटला, मग देवाला.

नोव्हेंबरात तिचा लिलाव झाला.
हातोडा पडायला अडीच मिनिटंही लागली नाहीत.
आता ती होक्काइडोत, बर्फात,
पुढच्या महिन्यात तिला घोडा दाखवतील.
मोहरकीच्या आतल्या बाजूला
नेमेसियोनं लाल धागा शिवून दिलाय.
काढला असेल त्यांनी. नसेलही.

शर्यत जिंकल्यावरचा फोटो माझ्याकडे आहे.
मालकीणबाई ऑगस्टा प्रुइट, त्यांचे जावई,
जावयांचे मित्र, कोणाची तरी आत्या.
नेमेसियो तिच्या छातीआड.
दिसतो तो लगामावरचा हात
आणि टोपीची एक कोर.
खंडग्रास म्हणावं, इतकाच उरलाय.

"गप," तो म्हणाला. मी बोलतच नव्हते.
पडद्यावर लिफाफा.
नखानं कड उचलली, कागद चुरचुरला,
आणि बारा नंबरच्या ठाणातून
एक मान बाहेर आली.

तिथे आता नवी शिंगी आहे,
परवा एक तारखेला दोन वर्षांची झाली,
देशातले सगळे घोडे होतात त्याच दिवशी, कागदोपत्री.
तिला अजून गोळी ठाऊक नाही.
तिनं कान टवकारले ते बहुधा आवाज नवा म्हणून.
पण आम्ही दोघंही तिच्याकडेच बघत राहिलो
आणि नाव ऐकायचं राहून गेलं.

टाळ्यांवरून कळलं.
ऑगस्टाबाई रडल्या, खरंच रडल्या,
ट्रेनरचे आभार, जॉकीचे, दिवंगत यजमानांचे,
"आणि पागेतल्या आमच्या सगळ्या मंडळींचे."
मी म्हटलं, बघ, मंडळीत आलास.
तो हसला. फोन उपडा ठेवला.

मग खिसे चाचपले. जाकिटाच्या अस्तरात
गेल्या हंगामातली एक गोळी निघाली,
कागदाला चिकटलेली, लोकर लागलेली.
फुंकर मारून तळव्यावर धरली.
शिंगीनं हुंगलं, ओठानं ढकललं,
गोळी भुश्यात पडली.

"उद्या," नेमेसियो म्हणाला,
आणि वाकून, सवयीनं,
तिच्या पुढच्या डाव्या पायाला हात लावला.
गार होता.
तरी हात बराच वेळ तिथेच राहिला.