साडेनऊच्या गाडीचा डबा

गारगोटीची गाडी साडेनऊला लागते.
फलाट बदलतो, पारळे मामा बदलत नाहीत.
कंडक्टरच्या सीटखाली सहा डबे;
माझ्या डब्यावर ठोकलेलं नाव
माझं नव्हे, आत्याच्या नवऱ्याचं.

पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, कुठली तू?
गारगोटीची, म्हटलं.
"म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड," सर म्हणाले
आणि दीडशे पोरं हसली.
मीही हसले, जरा उशिरा.
अर्थ कळला रात्री, राजारामपुरीत,
भाड्याच्या खोलीतल्या तिसऱ्या कॉटवर.

महिनाभर शेवटून दुसरा बाक.
ऐकायचं इंग्रजीत, लिहायचं देवनागरीत:
इक्विलिब्रियम.
त्यातल्या वेलांट्या नीट लागेपर्यंत
फळा पुसलेला.
दुपारी जिन्याखाली डबा उघडायचा,
भाकरी मोडल्याचाही आवाज होऊ द्यायचा नाही.

"काय गं, चोरून खातीस? खर्डा हाय न्हवं?"
शाहीन मुल्लाणी, उचगावची.
तिनं विचारलं नाही, बसलीच.
त्या दिवसापासून निम्मा खर्डा तिचा.

प्रॅक्टिकलला आम्ही एकाच टेबलावर.
बीकरमध्ये दोरा सोडला,
दोऱ्याच्या टोकाला तुरटीचा कण.
लॅबचे घाटगे काका म्हणाले,
रोज बघा, पण हलवू नका.
आठवडाभर नुसतं पाणी.
मग एका सकाळी एक कड,
दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी आणखी एक.

त्या गुरुवारी संध्याकाळ तिथंच झाली.
स्टँडवर पळत गेले तर डबा कंट्रोलरच्या टेबलाखाली,
भाकरीचा पापड झालेला.
शेवटच्या फेरीलाही पारळे मामाच.
"आईला काय सांगू?"
दिवसभर भूकच लागली नव्हती,
हे सांगवेना.
बाकड्यावर बसून सगळी भाकरी खाल्ली, पाण्याबरोबर.
नळावर डबा धुतला, ओढणीनं पुसला,
आत रुमालात गुंडाळून ठेवला
सुपारीएवढा, आठ कडांचा, आरपार दिसणारा.

रात्री उशिरा फोन.
"ही तुरटी? माझ्या हंड्यात फिरवते ती?"
तीच गं.
"मग अशी देखणी कशी?"
घाई नाही केली, म्हटलं.
पलीकडं बराच वेळ काही नाही,
मग फडताळाचं दार लागल्याचा आवाज.
"त्या उचगावच्या पोरीला लसणाचा चालतो का शेंगदाण्याचा?"
आणि मी सांगायच्या आत,
"उद्या डबा वेळेत घे."