दुसरी नोकरी

तिला कुणी धक्का दिला नव्हता.
उडी मारली, गोल झाला,
खाली उतरताना पाय रोवला गेला,
धड वळलं, पाय वळला नाही.
बस्स.
ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज
तिसऱ्या बाकापर्यंत आला, असं तिची आई सांगते.

रान्वा. वय एकोणीस. हँडबॉल, डावी बगल.
क्लाक्सविकहून बोगद्यातून गाडीने आणली.
आज तोर्सहाव्नच्या हॉस्पिटलात, हिरव्या कापडांच्या मधोमध
तिचा एक गुडघा उरलाय फक्त.

मी बाजूच्या टेबलाशी.
कागदावर माझं नाव शेवटून दुसरं.
बावीस वर्षं वडिलांसोबत जाळी विणली;
शेड बंद पडली, तेव्हा नर्सिंगला बसले,
वर्गात सगळ्यांत थोरली.

पडद्यावर आतली खोली दिसते,
पांढरी, पाण्याने भरलेली.
फुलीसारखे दोन बंध एकमेकांवरून जायला हवेत.
मागचा आहे, जाड, शाबूत.
पुढचा, मांडीच्या हाडाच्या आतून तिरका उतरून
नडगीच्या माथ्यावर टेकणारा,
करंगळीहून आखूड,
पण त्याच्याच जिवावर नडगी जागच्या जागी राहते,
तो आता खेकड्यांनी कुरतडलेल्या दोरासारखा
पाण्यात हलतोय.

"शिवून टाका ना," काल आई म्हणाली होती.
बाई, कातडीवर रक्त ठरतं, खपली धरते.
इथे सांध्याचं पाणी ते धुऊन नेतं.
जे वंगण देतं
तेच जखम भरू देत नाही.

बाइनिर मांडीच्या मागून एक कंडरा सोडवून काढतो
आणि माझ्या हातात देतो:
ओली, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी चमकणारी,
एक वीत आणि वर चार बोटं.
स्टीलच्या पट्टीने मी स्नायूचा गर खरवडते,
चार पदरी दुमडते, टोकं शिवते.
आठ मिलिमीटरच्या भोकातून जाते,
साडेसातच्यातून नाही.
मग फळीवर ताणून ठेवते.
वडील म्हणायचे,
नव्या दोराला तू ताण दे, नाहीतर समुद्र देईल.

काल सकाळपर्यंत हिचं काम ओढण्याचं होतं,
टाच मागे, गुडघा वाकता.
आता फक्त धरून राहायचं.
या वयात कुणी विचारत नाही, जमेल का म्हणून.

हाडांत बोगदे पडतात.
बाइनिर एरवी गुणगुणतो,
जुन्या बंधाचा ठसा शोधताना तेवढा गप्प होतो.
दोन मिलिमीटर पुढे सरकलं
तर पाय आयुष्यभर सरळ होणार नाही.

पुढचं पेशंटला आम्ही घाईत सांगतो.
आत गेल्यावर कंडरा आधी मरते.
रक्त नाही, पेशी एकेक करून विझतात.
आठव्या-दहाव्या आठवड्यात दुखणं थांबतं,
पोरी म्हणतात, मी बरी झाले,
आणि दोर नेमका तेव्हाच सगळ्यांत कच्चा असतो.
सुंभ जळतो, पीळ राहतो.
हट्टी माणसाला उद्देशून म्हणतात हे,
मी तो पीळ चिमट्यात धरलाय.
त्याच्याच आधाराने बारीक रक्तवाहिन्या चढतात,
नव्या पेशी बिऱ्हाड करतात,
वर्ष, दीड वर्ष.
हुबेहूब जुन्यासारखं कधीच होत नाही.

संध्याकाळी रान्वा जागी. ओठ कोरडे.
मी नऊ महिने म्हणते,
ती बोटांवर मोजते, एक महिना गाळते,
मी पुन्हा मोजायला लावते.

मग विचारते,
"मागून काढलीत, ती जागा रिकामीच राहणार?"

बहुतेकदा तिथे काहीतरी उगवतं, मी सांगते.
पूर्वीइतकं जोरकस नाही. पण ओढतं.

आमच्या शेडच्या जागी
आता टायरचं दुकान आहे.